दादा, सही केली नाही मी

दादा,

तुझ्या दहाव्याला कावळ्याला माझी सही हवी होती, असं आपल्या भावकीचं म्हणणं पडलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास आणि वर म्हणाला असतास, "कर की मग. माझं न्हाई तर कावळ्याचं तरी ऐक." मी तुझ्या अंगावर धावून आले असते. आता धावून जाऊ कुणावर? म्हणून लिहायला बसले. रडू येतं, नाही असं नाही. पण त्याच्याआधी राग येतो. तोही आधी तुझ्यावर येतो, मग बाकीच्यांवर.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं तेवढंच लिहितात. मी खरं ते लिहिणार आहे. चांगलं त्यात आपोआप येईल, तेवढा तू चांगला होतास.

धुऱ्यालगतच्या, बांधाकडच्या पट्ट्यात कापूस मोडून तू गवती चहा लावलास तेव्हा गाव येऊन बघून गेलं. आपले चुलते बापूकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "नामदेवा, लोकं गवत उपटायलेत आन् तू लावायलास व्हय रं?" तू म्हणालास, "काका, तुमी चहात टाकता तेच गवत हाय. मी त्याचा जीव काढणार हाय." आणि काढलास. पत्र्याचं पिंप, खाली चूल, झाकणातून निघालेली नळी आणि ती गार पाण्याच्या हौदातून फिरवलेली. पाल्याची वाफ हौदात थंड व्हायची आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. पिंपभर पाल्याचं वाटीभरसुद्धा नाही. पण ती वाटी तू अशी धरायचास, जसं काही बाळंतघरातून कुणी नवं लेकरू हातात दिलंय. भट्टी लागली की आमच्या अंगाला, पोरींच्या दप्तरांना, भाकरीच्या टोपल्याला, सगळ्याला तोच वास. माय म्हणायची, "म्हशीच्या दुधालाबी चहाचा वास यायलाय." तू म्हणायचास, "मग नुसती साखर टाक."

तेव्हा मी परभणीला एम.एस्सी. करत होते. सूक्ष्मजीवशास्त्र. आपल्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि हे मी लाजत सांगत नाही. तू मायबापाबरोबर ऊस तोडायला गेलास म्हणून मी मावशीकडं राहून शाळेत जाऊ शकले. हेही लाजत सांगत नाही, कारण तू त्याचं ओझं कधी माझ्या डोक्यावर ठेवलं नाहीस. चारचौघांत मला "डॉक्टरीण" म्हणायचास. मी म्हणायचे, "दादा, मी डॉक्टर नाही." तू म्हणायचास, "डॉक्टरला जंतू दिसत नसतेत. तुला दिसतेत. मग मोठं कोण?"

आमच्या वर्गात प्रत्येकाला एकेक वनस्पती घेऊन तिच्या पानांच्या तेलाची जंतूंवर काय करामत चालते ते बघायचं होतं. कुणी निलगिरी घेतली, कुणी तुळस, कुणी निर्गुडी. मी तुझं तेल घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेणार होते? आणि तू ते बघायला कॉलेजात आलास. इस्त्रीचा शर्ट घालून, चपला दाराबाहेर काढून. शिपाई म्हणाला, "देऊळ न्हाई हे, या आत." तरी तू अनवाणीच आलास.

मी तुझ्यासमोर काचेची बशी धरली.

"हे धुरकट दिसायलंय ते काय?"

"जंतू. फोड पिकवतात ते."

"आन् मधी ही टिकली?"

"कागदाची आहे. तुझ्या तेलात बुडवलेली. तिच्याभोवती गोल स्वच्छ दिसतंय ना? तिथं जंतू वाढले नाहीत."

तू बशीवर वाकलास. मग हळूच म्हणालास, "म्हंजे माझ्या तेलानं मारले."

"वाढू दिले नाहीत."

"एकच झालं की."

"एकच नाही, दादा."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही आणि तू मधेच उठून गेलास.

त्या बशीचा फोटो तू मोबाइलवर काढलास. परतीच्या बसमध्ये कंडक्टरला दाखवलास. ताडकळसच्या बाजारात भाजीवाल्यांना दाखवलास. तुझ्या व्हॉट्सअॅपवर पोरींच्या फोटोच्या जागी ती बशी आली आणि वैनी आठवडाभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. "आमच्या शोभीनं शाबीत केलंय," तू सांगत सुटलास. लोक मला रस्त्यात थांबवायचे. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तू वावरातले किडे मारायचं औषध काढलंस म्हणं?" मी खुलासा करायला लागले की लोकांच्या तोंडावरचा उजेड जायचा. अभिमान हवा होता त्यांना, खुलासा नको होता. आणि तुलाही.

मी तुला किती वेळा सांगितलं ते तुला ठाऊक आहे. निव्वळ तेल त्या कागदी चकतीला लावलं तर मोठं वर्तुळ पडतं. पण निव्वळ तेल कातडीला सोसत नाही. तुझ्याच मनगटावर थेंब टाकला होतास फुशारकीनं, आणि ती जागा लालबुंद होऊन आग आग झाली होती. कातडीला सोसेल इतकं पातळ केलं की तेच वर्तुळ शोधावं लागतं. उन्हाळ्यात कापलेल्या गवताचं तेल वेगळं निघतं, पावसाळ्यातलं वेगळं. बाटली उन्हात राहिली की त्याचा दम जातो. आणि काचेच्या बशीत रक्त नसतं, पू नसतो, उसाच्या फडातला चिखल नसतो. बशीत अडलेला जंतू जखमेत अडतोच असं नाही. हे मी तुला वावरात सांगितलं, जेवताना सांगितलं, गाडीवर तुझ्या मागं बसून ओरडून सांगितलं. तू म्हणायचास, "वाऱ्यानं ऐकू यायना गेलंय."

पण एक प्रश्न तू मला असा विचारलास की त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. माझा प्रबंध बांधून आला तेव्हा तू शेवटचं पान वाचायला सांगितलंस. मी वाचलं: या तेलात जंतुरोधक क्षमता दिसून येते. तू म्हणालास, "बरं. क्षमता दिसली. मग पुढं?"

"पुढं म्हणजे?"

"पुढं कोण काय करणार हाय? कुणी मलम करायलंय का? कुणी जनावराच्या जखमेवर लावून बघायलंय का?"

मी म्हटलं, "ते दुसऱ्यांचं काम."

"कोणाचं?"

दादा, त्या "कोणाचं"वर माझा खरा संताप आहे. आमच्या विभागात कपाटभर प्रबंध आहेत. कडुनिंबाची पानं, पेरूची पानं, सीताफळाची पानं, ओव्याची पानं. प्रत्येकात तीच बशी, तेच वर्तुळ, फूटपट्टीनं मोजलेलं. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य: क्षमता दिसून येते. दिसली की कपाट बंद. पुढच्या वर्षी नवी पोरं, नवी पानं, तेच वाक्य. किती पातळ केलं तर चालतं, कातडीवर काय होतं, जखमेवर टिकतं का, हे कुणी बघायचं म्हटलं तर सामान नाही, जागा नाही, परवानगी नाही. मी आता तिथंच तासिका तत्त्वावर शिकवते. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा पोर्शन पूर्ण करा." त्या कपाटापासून फडातल्या माणसाच्या पायापर्यंत रस्ताच कुणी बांधला नाही. आणि रस्ता नाही म्हटल्यावर तुझ्यासारखा माणूस कपाटातून बाटली घेऊन आडवाटेनं पळत सुटणार. मला तुझं पळणं कळत होतं. म्हणूनच तुला अडवत होते.

कारण तू ते तेल दुकानात ठेवायला काढलं नव्हतंस. तुला ते टोळ्यांना द्यायचं होतं. दिवाळीनंतर आपल्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला जातात, त्या प्रत्येक जोडप्याच्या गाठोड्यात एक बाटली, आणि बाटलीवर तपासणारी म्हणून माझी सही. तू स्वतः फडात वाढलास. मायच्या पोटरीत कोयता गेला होता तेव्हा तू लहान होतास, आणि बानं हळद दाबून चिंधी बांधली होती. ती जखम मायनं पुढचा अख्खा हंगाम ओढत नेली. अजून तिथं खड्डा आहे. शेवटचा माझ्याकडं सही मागायला आलास तेव्हा त्या खड्ड्याची आठवण देऊन म्हणालास, "तवा ही बाटली आसती तर?"

"तवा दवाखाना असता तर?"

"फडावर दवाखाना न्हवता, शोभे. आजबी न्हाई. मुकादम सोडत न्हाई, खाडा पडतोय. काहीच नसल्यापेक्षा हे बरं न्हाई का?"

"बरं नाही. हे असलं की आहे तो दवाखानाही सोडतील. वरून वास चांगला, आतून जखम सडलेली. धनुर्वाताचं इंजेक्शन कोण घेईल मग? बाटलीवर लिहिलंय म्हणतील. एम.एस्सी.वाल्या बाईनं तपासलंय म्हणतील."

"तुला तुझ्या नावाची फिकर."

"हो, आहे. ते नाव मला कुणी आहेरात दिलेलं नाही."

त्या दिवशी तू चहा न घेता उठलास. मी तुला हाक मारली नाही. यात माझी चूक आहे असं लोक सुचवतात. मी मानत नाही. भावंडं भांडतात, चहा टाकून जातात, पुढच्या बाजाराला दोन किलो केळी घेऊन परत येतात. तूही आला असतास. पण मधेच भट्टीजवळ तुझ्या छातीत कळ आली. यात भांडणाचा काय संबंध? पण आपल्याकडं माणूस गेला की शेवटचं कोण बोललं त्याच्या नावावर पावती फाडतात.

आता दहाव्याचं ऐक.

गंगेच्या काठावर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, सगळे जमले. बायकांनी मागं थांबावं असं कुणीतरी म्हणालं. माय पुढं जाऊन बसली आणि तिच्या शेजारी मी. विषय तिथंच संपला. पिंड मांडला. कावळे होते, झाडावर भरपूर होते. एक खाली यायचा, दोन उड्या मारून जवळ जायचा, मान वाकडी करायचा आणि उडून जायचा. परत दुसरा. परत तेच.

बापूकाका हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "नामदेवा, पोरींची फिकर करू नको. आमी हाव." कावळा नाही. "तुझ्या मायला अंतर देणार न्हाई." कावळा नाही. कुणी म्हणालं विहिरीवरची मोटर, कुणी म्हणालं धुऱ्याचा वाद. दूरच्या एका नातलगानं तर "ती लाल गाय इकणार न्हाई" असंही कबूल केलं, ज्याचा त्या गाईशी काडीचा संबंध नव्हता.

मग बालाजी पुढं आला. वैनीचा भाऊ. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच लिहून टाकते. बहिणीच्या पदरात दोन पोरी आणि समोर एक भट्टी, त्याला काहीतरी चालवून दाखवायचं होतं. पण त्यानं खिशातून लेबल काढलं. छापून आणलं होतं, दहा दिवसांच्या आत. त्यावर तुझा फोटो, लग्नातला, हार कापून काढलेला. फोटोखाली "कै." आणि त्याखाली: जखम, फोड, गजकर्ण, सर्व जंतूंवर जालीम. प्रयोगशाळेत सिद्ध. त्याखाली माझं नाव, माझी पदवी आणि एक मोकळी रेघ.

"तेलाचं ऱ्हायलं," तो सगळ्यांना म्हणाला. "दाजींची हीच इच्छा ऱ्हायली. ताई सही द्यायल्या नव्हत्या. ताई, तुमी फक्त म्हणा, सही देते. मी शिक्का करून घेतो. बघा कावळा कसा येतो."

आणि सगळा काठ माझ्याकडं वळला. "म्हण की गं." "भावाचा जीव अडकलाय." "शिकली म्हणून काय झालं?" "एक सही, त्याला काय लागतंय?" बापूकाका म्हणाले, "शोभे, तू साहेबीण झालीस ती त्याच्या जिवावर." हे मला तूसुद्धा कधी म्हणाला नव्हतास. तुझ्या पिंडासमोर तुझ्या नावानं ते मला दुसऱ्यांनी ऐकवलं. मेलेल्या माणसाला पुढं करून जिवंताचा हात पिरगाळायचा, याला आपल्याकडं श्रद्धा म्हणतात.

तुझी इच्छा होती, मला ठाऊक आहे. मी ती नाकारत नव्हते. मी बोलत नव्हते कारण तोंड उघडलं असतं तर वाईट शिवी आली असती.

तेवढ्यात वारा फिरला आणि मला वास आला. गवती चहाचा. नदीवर, मोकळ्यावर, इतका दाट. मी बालाजीला विचारलं, "पिंडाला काय लावलंय?"

"तेल शिंपडलंय. दाजींच्या हातच्या शेवटच्या भट्टीचं. त्यांनाच पहिलं म्हणून."

"किती?"

"बाटलीभर."

दादा, मला हसू फुटलं. त्या गर्दीत, तशा वेळी. बायकांना वाटलं मी रडायले, दोघींनी मला धरलं. मी म्हटलं, "अहो, प्रयोगात आम्ही तेलाच्या चकतीबरोबर एक कोरी चकती ठेवतो. कशानं काय झालं ते कळावं म्हणून. शेजारी एक पिंड बिनतेलाचा ठेवा." कुणी ऐकलं नाही. विधी सांगणारे महाराज दर्भाचा कावळा करायला निघाले. बालाजी म्हणाला, "ताई, हितं कॉलेज नका काढू."

तेव्हा माय उठली. पातेल्यात भात उरला होता, तो तिनं हातात घेऊन वळला. कुणाला विचारलं नाही. तेलाच्या पिंडापासून दूर, वाळूवर ठेवला आणि म्हणाली, "माझं लेकरू भुकेलं हाय. त्याला वास नको, भात पायजे."

ती मागं सरली नव्हती तोवर कावळा आला.

बायांनी हंबरडा फोडला. मीही. आईच्या हातचं खायला आला, असं सगळे म्हणाले. मला काय वाटलं ते सांगते. कदाचित वासानं बिचकत होते. कदाचित तोवर एकाला भूक लागली असेल. कदाचित माणसं मायकडं बघत मागं हटली म्हणून त्याला वाट मिळाली. एका कावळ्यावरून मी काही सिद्ध करत नाही. तुझ्या कावळ्यावरूनही नाही. पण माझी सही न घेता तो जेवून गेला, एवढं सगळ्या भावकीनं डोळ्यांनी बघितलं.

आणि तरी लोक कसे असतात बघ. घराकडं परतताना टेम्पोत बालाजी शेजारच्याला सांगत होता, "तेल इतकं जालीम हाय दाजींचं, कावळाबी जवळ येईना गेला!" मी पुढच्या सीटवर कपाळावर हात मारून घेतला. तू असतास तर तू त्याला टाळी दिली असतीस, आणि मग माझ्याकडं बघून जीभ चावली असतीस.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. वैनी भट्टीजवळ बसल्या होत्या, लेबलांचा गठ्ठा मांडीवर. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "शोभाताई, एका सहीनं तुमचं काय बिघडलं आसतं? माणूस गेलं की वो माझं."

मी म्हटलं, "वैनी, माझंपण गेलंय."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. मग मी विचारलं, भांडायला म्हणून नाही, "तुमच्या पोरीला कोयता लागला तर तुम्ही काय कराल? हे लावाल?"

त्यांनी मांडीवरचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग खाली बघून म्हणाल्या, "धाकलीला खुरपं लागलं होतं की. ह्या पावसाळ्यात. तुमाला सांगितलं न्हाई त्यांनी?"

"नाही."

"पायाला. हाड दिसायलं होतं. बाटली फळीवर होती. मीच म्हणले, लावा ना तुमचं तेल. मला म्हणले, येडी हायस का. पोरीला उचललं, गाडीवर टाकलं आन् थेट ताडकळसच्या दवाखान्यात. टाके घातले, इंजेक्शन दिलं. येताना म्हणले, शोभीला सांगू नको."

दादा.

तुला ठाऊक होतं! फळीवर बाटली होती आणि तुझा हात तिच्याकडं गेला नाही. तुझ्या पोरीचं हाड दिसलं तेव्हा तुला बशी आठवली नाही, कंडक्टरला दाखवलेला फोटो आठवला नाही, "काहीच नसल्यापेक्षा बरं" आठवलं नाही. गाडी आठवली. आणि हे माहीत असून तू त्यानंतर माझ्या दारात आलास, माझ्याकडं सही मागितलीस आणि मला "तुला तुझ्या नावाची फिकर" म्हणालास! मी काय बोलले असते तुला त्या दिवशी! मी तुला त्या खुर्चीत बसवून विचारलं असतं, की तुझी पोर आणि फडातली पोर यांचं हाड वेगळं असतं का? आणि तू मान खाली घालून हसला असतास, आणि चहा प्यायला असतास, आणि आपलं मिटलं असतं.

कितीदा मनाशी म्हणते, फसवलंस मला. आणि कितीदा वाटतं, किती बरं झालं. कारण त्या घाईत तू काय केलंस त्यावरून कळलं की वाऱ्यानं ऐकू येत नव्हतं ते खोटं होतं. गाडीवर मागं बसून मी ओरडायचे ते सगळं तू ऐकत होतास. भट्टीवरचा एवढा अभिमान, बाजारभर केलेला गवगवा, सगळं एका क्षणात बाजूला ठेवून लेकराला उचलणारा माणूस माझा भाऊ होता. याच्यासाठी मी तुला जन्मभर मानेन. आणि लपवलंस याच्यासाठी जन्मभर भांडेन.

मी वैनींना म्हटलं नाही की लेबलं फाडा. त्यांनीच विचारलं, "मग काय लिहावं बाटलीवर?"

"आहे ते. गवती चहाचं तेल. वासाला, फरशीच्या पाण्यात टाकायला, गोठ्यात शिंपडायला. दादाचा फोटो ठेवा. माझं नाव काढा. खाली लिहा, जखमेला लावू नये."

"आन् तुमची ती क्षमता?"

"ती आहे, वैनी. खोटी नाही. मी तिच्यामागं लागणार आहे. साहेबांचा पोर्शन संपवून उरलेल्या वेळात लागेन, दुसरीकडं जाऊन लागेन. पातळ करून, मलमात घालून, नीट. वर्षं जातील. नाही निघालं काही तर नाही निघालं म्हणून सांगेन. पण तोवर फडातल्या माणसाच्या पायावर प्रयोग करणार नाही."

बालाजी रागावला आहे. म्हणतो, "अशानं कोण घेणार? जखमेला लावू नका म्हणून लिहिलेली बाटली जगात कुणी इकली का?" गाव म्हणतं, बहिणीनं भावाचं नाव मातीत घातलं. म्हणू दे. तेच गाव तुझ्या गवतावर हसलं होतं.

गेल्या बाजाराला वैनी आणि मी, आम्ही दोघी ताडकळसला बाटल्या मांडून बसलो. टोळ्यांची निघायची गडबड, बाया पातेली, चटईचे तुकडे, पोरांच्या चपला घेत होत्या. एक जण थांबली. अंगावर मूल, हातात नवा कोयता कागदात गुंडाळलेला. बाटलीवरचा तुझा फोटो बघून म्हणाली, "हे तेलवाले गेले न्हाई का? लय चांगला माणूस. मला म्हणला होता, यंदा तुमाला बाटली देतो, कोयता लागला तर बरं आसतंय." तिनं बूच काढून वास घेतला. डोळे मिटले. मग विचारलं, "चालतंय ना जखमेला?"

मी तोंड उघडलं. पण तिनं मला विचारलं नव्हतं. ती वैनींकडं बघत होती.

वैनींनी बाटली तिच्या हातातून घेतली, बूच घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "न्हाई. जखमेला हे न्हाई. लागलं तर साबणानं धू, सोच्छ कापड बांध आन् मुकादमाशी भांडून दवाखान्यात जा. इंजेक्शन घेतल्याबिगर राहू नको. घरधनी नगं म्हणला तर त्यालाबी सोबत ने."

"मग हे कशाला इकायलाव?"

"वासाला."

बाई हसली, बाटली ठेवली आणि चटईच्या दुकानाकडं गेली. काही घेतलं नाही तिनं.

तू असतास तर चिडला असतास. गिऱ्हाईक घालवलंत म्हणाला असतास, काहीच नसल्यापेक्षा बरं म्हणाला असतास, सगळं पहिल्यापासून सुरू केलं असतंस. कर. आता तुझ्याशी भांडायला आम्ही दोघी आहोत.

तुझी,
शोभी